अर्जुन कोणता, ऐन कोणता

आमच्या घराण्यात चार पिढ्या हातमाग चालला, आणि आमच्या लाल रंगाबद्दल वाकडा शब्द ऐकून घ्यायची मला सवय नाही. माग बंद होऊन बारा वर्षं झाली. आता मी नागपुरात मुलाकडे राहतो. पण मागाबरोबर अभिमान काही विकला जात नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी असा का वागलो ते कळेल.

झाडं लावायच्या कामात मला मुलाच्या ओळखीतल्या रितिकाने ओढलं. शहरातल्या सदर भागात तिच्या संस्थेचं ऑफिस आहे, आणि कुही तालुक्यातल्या एका गावाशी त्यांनी भागीदारी जमवली होती. गावच्या बायकांच्या गटाने जवळच्याच जंगलातलं बी गोळा करून रोपं वाढवायची, शहरातल्या आमच्यासारख्या रिकामटेकड्यांनी हातभार लावायचा, आणि पावसाळ्यात सगळ्यांनी मिळून गावचा उघडाबोडका नाला आणि मागची मुरमाड टेकडी झाडांनी भरायची. नाल्याच्या काठाला अर्जुन, टेकडीवर ऐन. अर्जुनाला मुळाशी ओल लागते, ऐन मुरमातही तग धरतो. अदलाबदल झाली तर वर्षभराच्या मेहनतीची माती.

घोळ असा, की ही दोन्ही झाडं भाऊबंद. लहानपणी शेजारी ठेवली तर मला जुळीच वाटतात. पिशवीवर पेनाने लिहिलेलं उन्हात उडतं, म्हणून मीच तोऱ्यात म्हटलं, धागा बांधू. घरी जुनं सूत पडलेलंच होतं. अर्जुनाच्या पिशवीला लाल, ऐनाच्या पिशवीला पांढरा. चारशे पिशव्यांच्या कडांना भोकं पाडून मी स्वतः विणकराच्या पक्क्या गाठी मारल्या. मग गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि मी सात-आठ महिने गावाकडे फिरकलो नाही. मधल्या काळात उन्हाळा आला, रोपं सावलीच्या जाळीखाली हलवली गेली आणि सगळी एकमेकांत मिसळली. त्याची कोणाला काळजी नव्हती, कारण धागे होते.

लागवडीच्या आदल्या दिवशी सकाळी मी रितिकाबरोबर रोपवाटिकेत जाऊन पाहतो, तर चारशेच्या चारशे धागे पांढरे.

मी दोनदा चष्मा पुसला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरलो, परत फिरलो. लाल म्हणून कुठे नाही. डोकं चालेना.

रितिकाने फोनने पानांचे फोटो काढले. फोन एका रोपाला जांभूळ म्हणाला, त्याच रोपाला दुसऱ्यांदा साग. मग नत्थूजींना बोलावलं. ते वनखात्यात तीस वर्षं मजूर होते. त्यांनी एक पान चुरगाळलं, हुंगलं आणि परत दिलं.

"साल पाहून सांगतो मी," ते म्हणाले. "ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, अर्जुनाची पांढरी, गुळगुळीत."

"याले कुठं साल आहे गा?" मी म्हणालो.

"मंग दहा वर्षं थांबा."

रितिका म्हणाली, "काका, उद्या शहरातून साठ जण येऊन राहिले. काय सांगू त्यांना?" मला काय माहीत. दोनशे लाल धागे काय हवेत उडून गेले?

तेवढ्यात गटातल्या रुख्माबाई झारी घेऊन आल्या. रोपवाटिकेचं पाणी रोज त्याच टाकतात. मला धागादोराच सापडल्यासारखं झालं.

"रुख्माबाई, तुम्ही धागे बदलवले काय?"

"तुटले होते ते बदलवले भाऊ. दहा-बारा असतीन. पोत्याचा दोरा लावला."

"दहा-बारा का दोनशे?"

त्या झारी कलती करून पहिल्या ओळीला पाणी टाकू लागल्या.

"आमचा लाल कधी उतरत नाही, बाई," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "धागे बदलल्या गेले, आन् आता कोणी कबूल करून नाही राहिलं."

रुख्माबाईंनी झारी खाली ठेवली आणि घरी निघून गेल्या. जमलेल्या गटातल्या बायका माझ्याकडे पाठ करून पिशव्या लावू लागल्या. नत्थूजी विडी ओढायला बाजूला गेले.

मी जाळीखाली बसून राहिलो. काय करावं सुचेना म्हणून एका पिशवीची गाठ नखाने सोडवू लागलो. सुटता सुटेना, माझीच होती ना ती. अखेर सुटली, आणि आत, जिथे धागा धाग्यावर दाबून बसला होता, तिथे चांगला कुंकवासारखा लाल. बाजूची सोडली, ती आतूनही पांढरी. तिसरी लाल.

मग आठवलं. माग बंद पडायच्या वर्षी पक्का रंग परवडत नव्हता, म्हणून मी शेवटचं सूत बाजारातल्या कच्च्या रंगात बुडवलं होतं. स्वतःच्या हाताने. आणि इतक्या वर्षांत ते इतकं सोयीने विसरलो होतो, की भरल्या जागी एका बाईला खोटं पाडलं. मला माझीच लाज वाटली. क्षणभर हेही मनात आलं, की रितिकाला हळूच सांगावं, गाठी सोडून काम उरकावं, बाकी कोणाला कळायचं कारण नाही.

पण पाय रुख्माबाईंच्या दाराशी गेले. त्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या.

"माह्या धाग्याचा रंग कच्चा निघाला," मी म्हणालो. "तुमची काहीच चूक नव्हती. मी सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोरच परत घेतो."

त्या सूप बाजूला ठेवून माझ्याबरोबर आल्या. मी रितिका, नत्थूजी आणि बायकांसमोर सगळं सांगितलं. मग गाठी सोडायला खाली बसलो.

"गाठी कायले सोडता?" रुख्माबाई म्हणाल्या. "हा अर्जुन. हा ऐन. हाही ऐन."

मी सोडून पाहिल्या. लाल, पांढरी, पांढरी.

"तुम्हाले ओळखू येतात?"

"सालभर पाणी टाकून राहिली मी यायले."

"मग सकाळी काहून नाही सांगितलं?"

"सकाळी तुम्ही धाग्याचं विचारलं," त्या म्हणाल्या. "फोनले विचारलं, नत्थूजीले विचारलं. झाड कोणतं, हे मले कोणंच नाही विचारलं."

रितिकाने मान खाली घातली. रुख्माबाईंनी पुढच्या पिशवीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघत थांबल्या. गाठीकडे गेलेला हात मी मागे घेतला.

"हा कोणता, बाई?" मी विचारलं.