निळ्या रंगाखालचा तडा

"फार खोल जाऊ नकोस गं," कप्तान खालून ओरडले. "वरच्यावर दोन थर लाव आणि मिटव."

जुनी फायबरची शिडाची बोट बोटदुरुस्तीच्या यार्डात टेकूंच्या घोडीवर चढवून ठेवली होती आणि तिच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून कप्तान सकाळपासून हुकूम सोडत होते. खरं तर ते कधीच कशाचे कप्तान नव्हते. आयुष्यभर त्यांनी चष्म्याच्या दुकानात काचा घासल्या आणि सुट्टीच्या दिवशी ही बोट चालवली. तेवढ्यावर यार्डानं त्यांना कप्तान करून टाकलं, आणि आयती मिळालेली पदवी कोण परत करतो? उंटावरून शेळ्या हाकायला तर त्यांना पहिल्यापासूनच आवडायचं.

वर बोटीच्या पोटात त्यांची थोरली लेक ग्राइंडर घेऊन गुडघ्यांवर बसली होती. तोंडावर मास्क, अंगात बंद गळ्याचा सूट, मनगटांवर चिकटपट्टी, कारण फायबरची धूळ एकदा बाहीत शिरली की रात्रभर खाज सुटते. याच यार्डात ती लोकांच्या फुटक्या बोटी सांधायची. सगळे तिला फायबरताई म्हणत. फक्त बापाच्या बोटीच्या दुरुस्तीला आजवर तिचा हात लागलेला नव्हता. "जिनं फोडली तिच्याच हातात द्यायची?" असं म्हणून कप्तान हसायचे, आणि त्यांच्याबरोबर सगळं यार्ड हसायचं.

ती फोडल्याची गोष्ट यार्डातल्या कुत्र्यांनासुद्धा पाठ होती. सोळा वर्षांची असताना ती धाकट्या भावाला घेऊन बोट बाहेर घेऊन गेली. परतताना बोटीच्या पोटाखाली असतं ते जड लोखंडी पातं, म्हणजे कील, पाण्याखालच्या जमिनीला लागली. बोट हळूच थांबली, धक्का असा बसलाच नाही. तरी कीलच्या बोल्टांमधून पाणी आत यायला लागलं आणि भाऊ घोट्यापर्यंतच्या पाण्यात उभा राहून रडायला लागला. काठावरून कप्तान ओरडत होते, "पाणी येतंय का? येतंय का पाणी?" मग दुसऱ्या नावेनं दोघांना ओढून आणलं.

"वाळू होती, बाबा," ती म्हणाली होती.

"वाळूनं बोट फुटते होय? खडकावर घातलीस तू!"

ती वाळूच म्हणत राहिली, आणि हळूहळू तिचाही त्यावरचा विश्वास उडाला. बोट फुटली होती हे तर खरंच होतं ना. पुढे तिनं हेच काम धरलं. का धरलं असं कुणी विचारलं तर ती सांगायची, हाताला जमतं म्हणून. पण खरं कारण ते नव्हतं. आईनं त्या दिवसानंतर धाकट्याला तिच्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानातही पाठवलं नाही. तोंडानं एक शब्द बोलली नाही, फक्त पाठवलं नाही. आई आता नाही, आणि हे काही तिच्याबरोबर गेलं नाही.

या वर्षी बोट पुन्हा गळायला लागली. ती आता धाकट्याच्या ताब्यात होती, आणि त्याला आपल्या दोन्ही पोरांना तिच्यातून फिरवून आणायचं होतं. बापाचं न ऐकता त्यानं थोरलीला गाठलं. "ताई, तूच बघ. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

तिनं आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं तळ ठोकून पाहिला. बोटीच्या पोटात कीलचं वजन पेलायला आडव्या फासळ्या असतात. पुढच्या फासळ्या टणटणीत वाजल्या. शेवटच्या बोल्टामागची मात्र भद वाजली, म्हणजे आत ती तळापासून सुटली होती. मग ग्राइंडर चालू झाला. वरचा पांढरा रंग गेला. त्याखालचे दोन थर निघाले. ते बापानं त्या अपघातानंतर स्वतः चिकटवलेले, खालचं नीट न घासता, जखम न धुता पट्टी बांधावी तसे.

त्याखाली निळा रंग आला.

तिनं ग्राइंडर बंद केला.

हा निळा ती कुठेही ओळखणार होती. स्वयंपाकघराच्या दाराला लावून उरलेला डबा. त्या अपघाताच्या आदल्या वर्षी बाबांनी तो तिच्या हातात दिला होता आणि म्हणाले होते, "आतून रंग दे, तुझा हात सफाईदार आहे." केवढी फुगली होती ती त्या शब्दावर! पोटावर झोपून तिनं बोटीचा कोपरान् कोपरा रंगवला होता. शेवटच्या बोल्टामागची जागा बाकीच्यापेक्षा गुळगुळीत होती, हेही तिला आता आठवलं.

तिनं हातानं, सँडपेपरनं, निळा हळूहळू काढला. खाली लांबी, म्हणजे रंगाआधी भेगा बुजवायचा लगदा, भरलेली होती. लांबीखाली तडा. फासळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला, आत काळा पडलेला. कील खडकावर जोरात आपटली की तिची मागची कड वर उसळते आणि नेमकी हीच फासळी तोडते. असे तडे तिनं लोकांच्या बोटींत कितीतरी पाहिले होते.

तडा आधीचा. त्यावर लांबी. लांबीवर तिचा निळा. आणि वाळू त्याच्यानंतर.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला त्या क्षणी कळलं. मास्क ओढून काढून तिनं बोटीच्या काठावरून खाली पाहिलं. "बाबा, वर या."

"माझे गुडघे..."

"वर या म्हणते ना!"

धाकट्यानं शिडी धरली. कप्तान एकेक पायरी चढले, आत वाकले आणि निळ्याची कड पाहून तसेच वाकलेले राहिले. नजर दुसरीकडे वळवायलाही त्यांना सुचलं नाही.

"कधी आपटलीत?" तिनं विचारलं.

"तुझ्या आईनं बोट विकायला लावली असती," ते म्हणाले. "एकदा नदीच्या तोंडाशी खडकावर थोडी जोरात लागली. असं काही झालं तर बोट ठेवायची नाही, असं तिचं आधीपासूनचं म्हणणं होतं. मी म्हटलं, भरून टाकू, कशाला घरात कटकट."

"आणि माझ्याकडून रंगवून घेतलंत."

"तुझा हात खरंच चांगला होता गं."

"हात चांगला होता!" तिचा आवाज फाटला. "तडा गेलेला माहीत असताना आम्हा दोन पोरांना पाण्यात सोडलंत! हा नऊ वर्षांचा होता, बाबा! बुडाला असता तर ते खापरही माझ्याच डोक्यावर फोडलं असतंत ना?"

धाकटा मधे पडला. "ताई, झालं ते झालं. आता म्हातारपणी..."

"तू गप्प बस. आईनं तुला माझ्याबरोबर दुकानातही पाठवलं नाही, कारण बोट मी फोडली असं तिला वाटायचं. तसंच वाटत ती गेली."



ती बापाकडे वळली. "बोट मी दुरुस्त करणार. पण पाण्यात जायच्या आधी तुम्ही हे यार्डात सगळ्यांसमोर सांगायचं. नाहीतर ती घोडीवरच राहील."

"या वयात? लोक काय म्हणतील?"

"मी सोळाव्या वर्षी ऐकलं. तुम्ही बहात्तराव्या ऐका."

पुढचे काही दिवस ती बापाशी बोलली नाही, पण काम चोख केलं. रागात काम बिघडलं असतं तर आणखी एक गोष्ट यार्डाला मिळाली असती. घोडीचे टेकू सारखे करून तिनं आधी तळ मूळ आकारात आणला. तुटकी फासळी कापून काढली, कडा लांब उतरत्या घासल्या, नवी फासळी बसवली आणि तिच्यावर रेझिनमध्ये भिजवलेलं कापड थरावर थर दाबून बसवलं, मधे हवेचा एक बुडबुडाही राहू दिला नाही. बोल्टांखालच्या पिटुकल्या चकत्या फेकून जाड स्टीलच्या पट्ट्या घातल्या. कापलेला तुकडा मात्र फेकला नाही. पांढरा, निळा, लांबी, तडा, सगळं त्याच्या कडेला दिसत होतं. तो तिनं बापाच्या खुर्चीवर ठेवला. कप्तान त्या दिवसापासून खुर्चीशेजारी उभे राहू लागले.

बोट सोडायच्या दिवशी क्रेनचे पट्टे बोटीखाली गेले. धाकट्याची पोरं लाइफ जॅकेट घालून धक्क्यावर उड्या मारत होती. यार्डातली माणसं नेहमीप्रमाणे बघायला जमली, आणि क्रेनवाल्यानं नेहमीप्रमाणे केबिनमधून मान काढली. "काय कप्तान, फायबरताईला सुकाणू देऊ नका हां! खडक अजून तिथेच आहे!"

सगळे हसले. थोरलीनं बापाकडे पाहिलं.

कप्तान काहीतरी पुटपुटले.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली, आणि क्रेनवाल्याला तिनं हातानं इंजिन बंद करायची खूण केली. यार्डात अचानक शांत झालं. "आता सांगा. मोठ्यानं."

म्हाताऱ्यानं लोकांकडे तोंड केलं. "खडकावर मी घातली होती," ते म्हणाले. "हिनं नाही. फुटकी बोट मी हिला दिली. हिला वाळूच लागली होती."

कुणी हसलं नाही. क्रेनवाल्यानं मान आत घेतली. तिला वाटलं होतं की आता हलकं वाटेल, इतकी वर्षं हेच तर ऐकायचं होतं. तसं काही वाटलं नाही. एक माणूस हे ऐकायला हवं होतं, आणि ते तिथे नव्हतं.

"सोडा पाण्यात," ती म्हणाली.

बोट पट्ट्यांवर अधांतरी तोललेली असतानाच ती टॉर्च घेऊन आत उतरली. तळ पाण्याला टेकला, पट्टे सैल पडले, बोटीचं सगळं वजन पाण्यावर आलं आणि खाली लोंबणाऱ्या कीलचं ओझं नव्या फासळीवर. तिनं शेवटच्या बोल्टामागे तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग बोटं उजेडात धरून पाहिली. कोरडी होती.

"पाणी येतंय का गं?" वरून बापाचा आवाज आला, बारीक आणि घाबरलेला. "येतंय का पाणी?"

 उत्तर द्यायच्या आधी थोडा वेळ तिनं त्यांना तिथेच उभं राहू दिलं.