विसरवाडीच्या पुढचा घाट

सलवारीच्या पायाला लावलेली पिन पुन्हा उघडली होती. पॅडलच्या प्रत्येक फेऱ्याला तिचं टोक घोट्याला लागत होतं. थांबून ती नीट लावावी असं वाटूनही हर्षदा थांबत नव्हती — थांबलं की बारा सायकलींची रांग थांबते, योगेंद्रभाई मागे वळून येतात, "ताई, काय झालं?" असं विचारतात, आणि त्या आवाजात इतका आदर असतो की...

तो आदर तिला नको होता.

तिसरा दिवस. उधन्याहून निघून बारडोली, व्यारा, सोनगढ. कालचा मुक्काम नवापूर. वाटेतल्या प्रत्येक गावात सायकली उभ्या करायच्या, कापडी फलक बांधायचा, नेत्रदानाचे अर्ज वाटायचे आणि हर्षदाने बोलायचं. सोनगढपर्यंत गुजरातीत, नवापूरपासून मराठीत. ती शिक्षिका आहे, तिचा आवाज लांब जातो, हे एक कारण. दुसरं कारण योगेंद्रभाईंनी उधन्याला, निघताना माइकवर सांगितलं होतं. ते कापडाच्या रंगाई मिलमध्ये फोरमन, सगळी सफर त्यांनीच जुळवलेली. "हर्षदाताईंनी हे दान आपल्या घरात करून दाखवलंय," ते म्हणाले. त्यांना असं कुणी सांगितलं? कुणीच नाही. नवरा गेलेली बाई नेत्रदानाच्या सफरीत नाव द्यायला आपणहून आली, एवढ्यावरून त्यांनी ते जुळवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तिने हात जोडले. नाही म्हणायलाही हात जोडतात की! पण त्या वेळी ते हो म्हणून जोडले गेले, आणि तिला ते कळत होतं.

गजेंद्र दोन वर्षांपूर्वी गेला. सकाळी गॅसच्या सिलिंडरवरून बोलाचाली झाली, तो बूट घालून निघाला, दारात थांबला, पण वळून पाहिलं नाही. दुपारी कामावर, दुसऱ्या एका मिलमध्ये, छातीत कळ आली. इस्पितळाच्या व्हरांड्यात एक तरुण डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली, "बेन, सहा तासांच्या आत डोळे जर..." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत हर्षदा नको म्हणाली. आणि वर हेही — सासूबाईंना चालणार नाही. सासूबाई तेव्हा अमळनेरला होत्या, मुलगा गेल्याचं त्यांना अजून कळलंही नव्हतं.

विसरवाडीला चहाच्या टपरीसमोर पंधरा-वीस माणसं जमली. योगेंद्रभाईंनी इथेही तीच ओळख करून दिली आणि हर्षदा बोलली. डोळे काढल्याने चेहरा विद्रूप होत नाही, माणूस झोपल्यासारखा दिसतो, हे छापील वाक्य तिने अकराव्यांदा म्हटलं. मग चहा आला. टपरी चालवणारी धुरपदाबाई ग्लास गोळा करता करता तिच्याजवळ आली, तिचं मनगट धरून तिला मागच्या खोलीत घेऊन गेली. बाजेवर तिचा नवरा पडला होता. जागा होता, छपराकडे पाहत होता. प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज होत होता.

"डोया काढावर तोंड कसं दिखस वं, बाई?" धुरपदाबाईने विचारलं. "खरं सांग. तू पाह्यं शे."

गावोगाव टाळ्या वाजल्या, हार घातले गेले, पण हे कुणी विचारलं नव्हतं. झोपल्यासारखं — शब्द ओठांवर तयारच होता, आणि कदाचित खराही असेल. पण ही बाई तो माझ्या शब्दावर खरा धरणार, आणि एक दिवस याच बाजेशी उभी राहून... हर्षदाने बाजेकडे पाहिलं. शाळेतली, माइकवरची मराठी कुठे गेली कोण जाणे; अमळनेरची बोलीच तोंडात आली.

"माले ठाऊक नही, मावशी. मी दिधाच नही."

धुरपदाबाई रागावली नाही.

"मंग कसाले फिरस?"

"ते बी ठाऊक नही."

धुरपदाबाईने तिच्या हातातला अर्ज घेतला, चार घड्या करून कमरेला खोचला. "ऱ्हाऊ दे मनाजोडे. त्यालेच इचारसू. डोया त्याना शेतस."

हर्षदा वळली. दारात योगेंद्रभाई रिकामा ग्लास घेऊन उभे होते. किती ऐकलं त्यांनी? ग्लास ठेवून ते आपल्या सायकलीकडे गेले.

कोंडाईबारीचा घाट लागला तसे एकेक जण उतरून सायकल ढकलू लागले. उन्हात सागाची वाळलेली पानं रस्त्यावर पडली होती, ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढत होते. योगेंद्रभाई तिच्या बरोबरीने आले.

"घाटापलीकडे, दहिवेलला बोलाल ना?" त्यांनी विचारलं. ताई म्हणाले नाहीत.

"बोलेन. पण काय बोलेन, ते सांगता येत नाही."

ते पुढे गेले. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात; तसं काही वाटलं नाही. हँडल जड होतं, पोटऱ्या दुखत होत्या. उलट काहीतरी भरून येत होतं, आणि रडू असेल म्हणून तिने ओठ आवळले — पण ते रडू नव्हतं. राग होता. गजेंद्रवरचा. दारात थांबलास, मग वळून पाहायला काय झालं होतं रे तुला? मेलेल्या माणसावर रागवायचं नसतं, म्हणून दोन वर्षं ती त्याच्याविषयी चांगलंच बोलत आली होती, शाळेत, शेजारी, स्वतःशीसुद्धा... सिलिंडर काय, दुसऱ्या दिवशीही आणता आला असता. एकदा बघायचंस. वळण आलं, चढ आणखी उभा झाला. एक जीप हॉर्न वाजवत अगदी जवळून गेली. हर्षदा बाजूला झाली नाही. गजेंद्रशी भांडत, मोठ्याने की मनात हे तिचं तिलाही न कळता, ती सायकल वर ढकलत राहिली.