शेवटून दुसरी पाटी

महालिंग गुळव्याला वहीची भीती होती. इंगळाची नव्हती, रटरटत्या काहिलीची नव्हती. चाळीस वर्षं त्या काहिलीची वाफ खाऊन त्याच्या भुवया कधीच्या झडल्या होत्या. पण कुणी गुऱ्हाळावर येऊन वही उघडली, की त्याचं ध्यान काहिलीवरनं उडायचं.

त्याला कारणही तसंच होतं. दोन वर्षांमागं ओढ्यापलीकडच्या गुऱ्हाळावर असाच एक पावणा आला. गोड बोलला, दोन ग्लास रस प्याला, वहीत काहीबाही लिहून घेतलं, आणि चौथ्या दिवशी गुळाचे नमुने न्यायला सरकारी जीपगाडी घेऊन हजर! तो गुऱ्हाळवाला अजून चारचौघांत मान वर करत नाही.

त्यामुळं २००३ सालच्या जानेवारीत हायस्कुलातल्या इंग्रजीच्या नव्या शिवांजलीबाई आठवीची तीस पोरं घेऊन पन्हाळ्याच्या पायथ्याच्या त्या गुऱ्हाळावर आल्या, आणि तिसांच्या हातात तीस वह्या दिसल्या, तेव्हा महालिंगाच्या हातातला झारा हातातच राहिला.

"नमस्कार अण्णा. मुलांना गूळ कसा करतात ते बघायचंय."

"गावचीच पोरं न्हवं ही? जल्मल्यापास्नं बघत्यात की."

"बघतात हो. पण इंग्रजीत नाही बघितला."

चिपाडं पसरणारी तानाबाई फिदीफिदी हसली. "इंग्रजीत काय कडू लागतोय व्हय बाई?"

बाईही हसल्या. म्हणाल्या, "रामानं रावणाला मारलं, रावण रामाकडून मारला गेला, असं पॅसिव्ह व्हॉइस घोकून घोकून पोरं कंटाळलीत. म्हटलं, डोळ्यांपुढं होतंय तेच लिहू द्यावं." मग पोरांकडं वळून मोठ्यानं म्हणाल्या, "ऐका! कोण करतंय ते लिहायचं नाही. काय केलं जातं, तेवढंच लिहायचं. आणि एकही पायरी सोडायची नाही."

महालिंगाचे कान टवकारले. तो तानाबाईजवळ सरकला. "ऐकलंस? माणसाचं नाव घालायचं न्हाई, आणि काय काय क्येलं त्यातलं एक सोडायचं न्हाई. ह्यो पंचनामाच की!"

"तुमास्नी मेलं झाडबी पोलीस दिसतंय," तानाबाई म्हणाली.

तानाबाईला हसायला काय जात होतं? पोत्यांच्या थप्पीमागं निळ्या झाकणाचा डबा होता, तो काही तिचा नव्हता. त्या डब्यात हायड्रॉसची पावडर होती. काहिलीतलं आधण उतरवायच्या आधी ती मूठभर टाकली की काळपट गूळ हळदीसारखा पिवळा व्हायचा. खाणाऱ्याच्या पोटाला ती चांगली नाही, हे महालिंगाला ठाऊक होतं. पण मार्केट यार्डात काळ्या गुळाकडं कुणी ढुंकून बघत नाही. त्यामुळं टाकत सगळेच होते, आणि टाकतो असं म्हणत कुणीच नव्हतं.

यार्डाचं एक वेळ सोडा. महालिंगाचा खरा जीव अडकला होता तो माघातल्या सप्ताहात. बावीस वर्षं सप्ताहाचा प्रसाद त्याच्याच गुळाचा. बुवा कीर्तनाला उभे राहिले की उजव्या अंगाला टाळ घेऊन महालिंग. बुवांचा शब्द उतरायच्या आत ह्यानं धृपद उचललेलं असायचं. रंगात आलं की डोळ्यांतनं पाणी, आणि टाळाचा ठेका मात्र तिळभर हलायचा नाही. माळ घातलेली माणसं, लेकुरवाळ्या बाया पदर पुढं करून त्याचा गूळ घ्यायच्या. त्यांच्या कानावर ह्या डब्याची गोष्ट गेली, तर कुठल्या तोंडानं टाळ धरायचा?

आधण पुढं सरकत होतं, तशा पेन्सिली सरकत होत्या. चरकात ऊस गेला, पोरांनी लिहिलं. रस काहिलीत पडला, लिहिलं. महालिंगानं चुन्याची निवळी ओतली, लिहिलं. भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घातलं, मळी वर आली, त्यानं झाऱ्यानं ती काढली, तेही लिहिलं. बाई कुठं थांबत होत्या, कुणीकडं बघत होत्या, ह्यावर त्याचा एक डोळा होता. मध्येच त्या पोत्यांच्या थप्पीजवळ गेल्या आणि त्यानं झारा खाली ठेवला. बाईंनी नुसता पदर झटकला.

पाक घट्ट व्हायला आला, तसा तो ओरडला, "तानाबाई, पोरास्नी रस दे की! भाईर, सावलीला. बाई, तुमीबी जावा."

सगळी बाहेर गेली. महालिंगानं डबा काढला, मूठ भरली आणि काहिलीवर धरली. पावडर हातातनं सुटली, तेवढ्यात मागनं आवाज आला.

"आजोबा, हे काय टाकलं?"

जयपाल मास्तरांची नात आदिती. पेन्सिल विसरली म्हणून परत आली होती. महालिंगाच्या तोंडातनं शब्द आपसूक बाहेर पडला, "चुना गं. चुना."

"बरं आजोबा" म्हणून पोरीनं मान डोलावली, वहीत लिहिलं आणि गेली. किती सोपं झालं! पण त्या दिवशीच्या गुळाच्या ढेपा भरताना महालिंगाच्या डोळ्यांपुढनं ती वही हलत नव्हती. पोरगी खोटं ऐकून "बरं आजोबा" म्हणाली होती, तेवढं त्याला खुपत राहिलं.

दोन दिवसांनी शाळेचा निरोप आला: शनिवारी पोरांचा कार्यक्रम आहे, अण्णांनी पावणे म्हणून यावं.

"मला कशाला?" महालिंगानं बायकोला विचारलं. "माझं काय काम शाळंत? चौथी नापास माणूस मी."

गौराबाई भाकरी थापत म्हणाली, "मान देत्यात तर घ्या की."

"मान देऊनच मान कापत्यात."

तरी तो गेला. नाही गेलं तर संशय येईल, असं त्याच्या मनानं घेतलं. स्वच्छ धोतर, टोपी, कपाळाला विभूती. वर्गात त्याला खुर्ची दिली, गळ्यात झेंडूचा हार घातला. त्यानं आधी दाराकडं बघितलं, मग खिडकीतनं बाहेर. जीपगाडी कुठं दिसली नाही.

बाई म्हणाल्या, "अण्णा, दहा मुलांच्या गळ्यात पुठ्ठ्याच्या पाट्या आहेत. एकेका पाटीवर त्यांच्याच वह्यांतली गुळाची एकेक पायरी, इंग्रजीत. आता ती आपली आपण ओळीत उभी राहतील. पहिली पायरी ह्या टोकाला, शेवटची त्या टोकाला. चुकलं तर तुम्ही सांगायचं. तुमच्याएवढं ह्यातलं कळणारं इथं कुणी नाही."

टाळी वाजली आणि एकच गोंधळ उडाला. पोरं एकमेकांना ढकलत, ओढत उभी राहायला लागली. "तू मळी हाईस, माझ्याम्होरं काय उभारतोस?" "आरं, आधी भेंडी!" महालिंगालाही हसू फुटलं. क्षणभर तो भीती विसरला. मग एकेकानं पुढं होऊन आपली पाटी वाचली. "द केन इज क्रश्ड." "द ज्यूस इज बॉइल्ड." त्यातला एक शब्द त्याला कळला नाही, पण कुठली पाटी काय आहे ते पोरांच्या हातवाऱ्यांवरनं नेमकं कळत होतं.

ओळ अडली ती आदितीपाशी. ती शेवटून दुसरी उभी होती, पाक गार करायला वाफ्यात ओततात त्या पाटीच्या आधी.

"लाइम इज अॅडेड," ती म्हणाली.

"ह्यॅ! चुना पयला घालत्यात, त्याची पाटी म्होरं उभी हाय," रस उकळायची पाटी घातलेला पोरगा ओरडला. "सगळ्यांनी बघितलंय. तू नीघ बाजूला."

"शेवटी पण घालतात. मी बघितलंय. कोरडा, डब्यातला."

"डब्यातला कसला चुना? खोटारडी!"

"मी खोटारडी नाही!" पोरीचा आवाज चिरकला. तिनं पाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि सरळ महालिंगाकडं बघितलं. "आजोबा, तुम्हीच सांगितलंत ना?"

सगळा वर्ग त्याच्याकडं बघायला लागला. आता बाई काय म्हणतात म्हणून महालिंगानं त्यांच्याकडं चोरून पाहिलं. ज्या चेहऱ्यावर तो पहिल्या दिवसापासनं कावा शोधत होता, तिथं काहीच नव्हतं. बाई खडू धरून नुसत्या थांबल्या होत्या. ह्या बाईला खरंच ठाऊक नव्हतं!

म्हणजे सुटका त्याच्याच हातात होती. 'पोरीची चूक झाली' एवढं म्हटलं की संपलं. आदिती पाटी काढून बाजूला झाली असती आणि ओळ पुरी झाली असती.

पण ओळ अशी मध्येच तुटून उभी होती, आणि टाळकऱ्याला तुटलेली ओळ बघवत नाही. त्यातनं ती पोरगी ओठ आवळून उभी. महालिंग उठला. हारातला एक झेंडू खाली पडला.

"पोरगी खरी हाय," तो म्हणाला. "शेवटीच टाकतो मी. पर त्यो चुना न्हवं. मी तिला खोटं सांगितलं."

मग त्यानं सांगितलं, डब्यात काय असतं आणि कशापायी टाकतात. मागच्या बाकावरनं कुणीतरी म्हणालं, "म्हंजे प्रसादात पण?"

"व्हय बाळा. प्रसादातबी."

शिवांजलीबाईंनी आदितीची पाटी हातात घेतली. मग हळूच म्हणाल्या, "अण्णा, पाटीवर काय लिहू?"

"लिवू नका बाई एवढ्यात. बुधवारी परत या, समदी या, वह्या घेऊन. मी आधण लावतो. तुमी बघा, ही पाटी लागती का न्हाई."

बुधवारी तीस वह्यांसमोर नवं आधण लागलं. कुणालाही रस प्यायला बाहेर धाडलं नाही. गूळ उतरला तो तांबूसकाळा, ओल्या विटेसारखा.

"आता यार्डात ह्यो गूळ म्हणून इकणार का विटंची माती म्हणून?" तानाबाईनं विचारलं.

शनिवारची गोष्ट तोवर गावभर झाली होती. पारावर माणसं त्याला बघून बोलायची थांबत. सप्ताहाची पंचमंडळी दोन दिवस घोळ घालून शेवटी म्हणाली, बघू यंदा, आण.

माघातली पहिली रात्र. कीर्तन संपलं, आरती झाली, महालिंगानं टोपलीतला गूळ पुढं केला. पहिल्याच म्हातारीनं खडा हातात घेतला, कंदिलाकडं धरून उलटापालटा केला आणि डोळे बारीक करून विचारलं, "महालिंगा, काळं का रं ह्ये? काय मिसळलंस ह्यात?"

मागची माणसं पुढं वाकली. बावीस वर्षं पिवळ्या गुळाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

महालिंगानं देवळाच्या खांबाकडं बोट केलं. तिथं बुधवारच्या आधणाचा, पोरांनी केलेला तक्ता त्यानं स्वतः टांगला होता. सगळा इंग्रजीत. त्याला वाचता येत नव्हता, म्हातारीलाही नव्हता. पण ओळी त्यानं इतक्यांदा मोजल्या होत्या, की झोपेतनं उठवलं तरी सांगितलं असतं.

"नऊ हाईत बघ मावशे," तो म्हणाला. "डब्याची दहावी आता न्हाई. मोजून घे."

म्हातारीनं खरंच बोट लावून नऊ ओळी मोजल्या. मग एकदा महालिंगाकडं बघितलं, एकदा खड्याकडं, आणि जरासा दाताखाली फोडला.