सीलबंद पाइप

माझे व्याही म्हणजे देवमाणूस. माझ्या लेकीला पोटच्या मुलीसारखं वागवतात, स्वतःचा कप स्वतः विसळतात, कधी कुणाला उणा शब्द बोलत नाहीत. त्यांच्यात खोड एकच, आणि ती लाल रंगाची आहे. दोन माणसांची, जमिनीला पोट टेकलेली, चाळीस वर्षांची स्पोर्ट्स कार. तिच्यात बसताना माणूस पडल्यासारखा बसतो आणि उठताना त्याला कुणाचा तरी हात लागतो.

मी गाड्यांचा मिस्त्री. तीस वर्षं स्वतःचं गॅरेज चालवतोय. व्याही घरी आले की मला व्याहीबुवा म्हणतात, गॅरेजमध्ये आले की मिस्त्री म्हणतात. मी दोन्हीकडे मान डोलावतो. घरी ते चालतं. गॅरेजमध्ये मान डोलावणारा मिस्त्री किती धोक्याचा, हे कळायला मला चार महिने लागले.

व्याही जुन्या गाड्यांच्या एका मंडळाचे सभासद आहेत. तिथे दरवर्षी गाड्यांना शंभरपैकी गुण देतात. स्क्रूची खाच मुळातली आहे का, काचेवरचा शिक्का त्याच वर्षाचा आहे का, पायाखालच्या गालिच्याची शिवण बरोबर आहे का, सगळ्याला गुण. गाडी थांबते का, याला गुण नाहीत. छापताना तो रकाना राहून गेला असेल असं वाटून मी एकदा मंडळाच्या परीक्षकांना विचारलं. हे गृहस्थ पांढरे हातमोजे घालतात आणि दंतवैद्याकडे असतो तसला काडीवरचा आरसा घेऊन गाडीखाली वाकतात. ते म्हणाले, "ते आम्ही गृहीत धरतो."

चार महिन्यांपूर्वी व्याही एक खोकं छातीशी धरून गॅरेजमध्ये आले. आत पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेकचा रबरी पाइप होता. गाडी बनली त्याच वर्षी, त्याच कारखान्यात बनलेला. चाळीस वर्षं त्या खोक्याचं सील कुणी फोडलं नव्हतं.

"मिस्त्री, अगदी कोरा आहे!" व्याही म्हणाले. "आणि मूळचा! दहा गुण आहेत याला."

मी पाइप हातात घेऊन वाकवला. रबराला वय असतं आणि खोक्यात ठेवलं म्हणून ते वाढायचं थांबत नाही, हे मला पुरतं ठाऊक आहे. बोलायला तोंडही उघडलं. पण व्याह्यांच्या चेहऱ्यावर पहिलं नातवंड पाहिल्याचा आनंद होता, आणि लेकीच्या लग्नात आमच्या हिने मला दिलेली तंबी आठवली, "व्याह्यांना कशालाच 'नाही' म्हणायचं नाही." मी म्हणालो, "छान आहे." चाकाचा धडधाकट, साधा, दोन वर्षांचा पाइप काढला आणि हे चाळीस वर्षांचं नवजात बाळ तिथे लावलं.

महिन्याभरात तक्रार आली. ब्रेकवरून पाय काढला तरी डावं चाक मोकळं होत नाही, गाडी डावीकडे ओढते, चाक तापतं, जळका वास येतो. मला गाडीखाली न जाताच कळलं. मी काही बोलायच्या आत मंडळ बोललं. एक सभासद म्हणाले, कॅलिपर अडकतोय. मी कॅलिपर बदलला. दुसरे म्हणाले, मास्टर सिलिंडर गेला असणार. तोही बदलला. तिसरे म्हणाले, ब्रेक ऑइल जुनं झालं. मी ऑइल बदललं, पॅड बदलले, डिस्क घासून आणली. चौथ्यांनी तर व्याह्यांच्या बसण्यात दोष काढला, ते म्हणे डावीकडे कलून बसतात. बिचारे आठ दिवस उजवीकडे कलून गाडी चालवत होते. दर वेळी दोन दिवस गाडी बरी वाटायची आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. जे बिघडलं होतं तेवढं सोडून त्या चाकाजवळचं सगळं मी बदललं.

मग मंडळाची फेरी ठरली. रविवारी सकाळी डोंगरावर गाड्यांची तपासणी आणि तिथून खाली वळणावळणाचा सहा मैलांचा उतार. व्याह्यांच्या शेजारी नकाशा धरून बसणार माझी लेक. सासरे आणि सून, दोघं महिनाभर त्याचीच तयारी करत होते.

शनिवारी दुपारी गाडी न्यायला ते दोघं आले. कागद भरायला सोबत परीक्षकही आले. लेकीने नकाशा बॉनेटवर पसरला होता. त्यावर पेन्सिलीने खुणा करता करता तिने विचारलं, "बाबा, गाडी ठीक आहे ना?"

"ठीक आहे," माझ्या तोंडून गेलं.

तिने वर पाहिलंही नाही. उत्तरासाठी ती थांबलीच नव्हती. झोपाळा, सायकल, स्कूटर, सगळ्याला ती लहानपणापासून असंच विचारत आली आहे. बाबांचा हात लागला म्हणजे ठीक. तापलेल्या चाकात ब्रेक ऑइल उकळतं, ते उकळलं की पायाखालचं पॅडल मऊ पडतं, आणि मग उतारावर गाडी कुणाच्याच बापाचं ऐकत नाही. माझी मला लाज वाटली.

"व्याहीबुवा, जरा इकडे या," मी म्हणालो. गॅरेजमध्ये मी त्यांना तसं कधीच म्हटलं नव्हतं. ते चमकून आले.

मी गाडी जॅकवर घेतली. लेकीला आत बसवून ब्रेक दाबायला आणि सोडायला सांगितलं. सोडल्यावरही डावं चाक घट्टच. मग पाइपच्या वरच्या टोकाचा जोड ढिला केला. चाक हललं नाही. जोड पुन्हा आवळला आणि पाइपच्या खाली, चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू सैल केला. ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं फिरू लागलं.

"वर सोडलं तर अडलेलं, खाली सोडलं तर मोकळं," मी म्हणालो. "मधे फक्त पाइप आहे."

"पण तो पाइप मूळचा आहे," परीक्षक म्हणाले.

"तोच तर घोळ आहे."

"साधा लावलात तर दहा गुण जातील."

व्याह्यांनी परीक्षकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उद्याचा दिवस निभावून नेऊ या का? सोमवारी बदला. मी अगदी सावकाश चालवीन."

मी पाइप सोडवला, टेबलावरच्या शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळला आणि सुरीने उभा चिरला. परीक्षक ओरडले, जणू मी त्यांच्याच अंगावर सुरी चालवली. पाइप बाहेरून काळाभोर, देखणा होता. आत रबर सुटून, फुगून एकमेकांना चिकटलं होतं. काडेपेटीची काडीही पलीकडे जाईना.

व्याह्यांनी ते दोन तुकडे हातात घेतले. मग हळू आवाजात म्हणाले, "लावलात तेव्हा तुम्हाला कळलं नव्हतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "कळलं होतं," मी म्हणालो.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही व्याही."

लेक गाडीतून उतरली. तिला उठायला कुणी हात दिला नाही. ती म्हणाली, "बाबा, आत्ता मी विचारलं, तेव्हाही माहीत होतं?"

"तेव्हाही."

तिने नकाशाची घडी घातली.

मी साधा पाइप बसवला, हवा काढली. रविवारी गाडी तो उतार शहाण्यासारखी उतरली. दहा गुण गेले ते गेलेच. पहिला नंबर ट्रकवर चढवून आणलेल्या आणि ट्रकवरच परत नेलेल्या गाडीचा आला. तिच्या ब्रेकबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. व्याह्यांनी चिरलेला पाइप घरी काचेच्या कपाटात ठेवला आहे. त्याखालची चिठ्ठी परीक्षकांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिली, "मूळ भाग". आलेल्यागेलेल्याला व्याही तो दाखवतात आणि सांगतात, "आमच्या व्याह्यांनी शोधून काढलं." त्यांनी मनात काही ठेवलं नाही. म्हटलं ना, देवमाणूस.

गेल्या आठवड्यात लेक तिची स्कूटर घेऊन गॅरेजमध्ये आली. मी मागचा ब्रेक आवळून दिला.

"बाबा, ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

पूर्वी ती एवढ्यात कोपऱ्यापर्यंत पोचलेली असायची. आता हेल्मेट हातात धरून माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. मी स्कूटर स्टँडवर घेतली, चाक फिरवलं, ब्रेक दाबून दाखवला, सोडून दाखवला. चाक मोकळं फिरताना तिने स्वतः पाहिलं, आणि मगच ती गेली.