उरलेले पाच अध्याय

भानुमती गेली तेव्हा तिच्या पोथीचे पाच अध्याय वाचायचे राहिले होते. वर्षश्राद्धाच्या आधी ते पुरे व्हावेत, एवढंच शालिग्रामच्या मनात होतं. त्याची हयात हिंदी मुलखात, रांझीच्या कारखान्यात गेली. घरात पोथी वाचायची बायकोनं आणि ऐकायची त्यानं. आता तो स्वतः चष्मा लावून बसला, तर दोन ओव्यांतच आवाज बसला. मग त्यानं नऊ वर्षांच्या नातीला, विनताला पाटासमोर बसवलं.

विनता टॅबवर गोष्टी भराभर वाचायची. शाळेत हिंदी होतं, म्हणून अक्षरंही ओळखीची. पण पोथीचं पान आडवं, हातभर लांब. ओळ संपवून परत येताना तिची नजर भलत्याच ओळीवर उतरायची. शेवटी ती म्हणाली, टॅबवर पण हीच पोथी आहे, ती आपोआप बोलते, आपण नुसतं बघत जायचं.

शालिग्राम चिडला. ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे, त्या डब्यानं तुझी सवय बिघडवली, असं बरंच बोलला. सून प्रतिमा भाजी चिरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, पोरीवर काहून रागावून राहिले? चाळीस वर्षं तुम्ही तरी काय केलं?"



दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच टॅब लावायला सांगितला. आधी एक ओवी ऐकायची, मग तीच विनतानं पानावर बोट ठेवून वाचायची. जोडाक्षरं तिला सोपी जाऊ लागली. पण टॅबमधला माणूस फार घाईत होता. थोड्या वेळानं शालिग्रामनं तो बंद करायला लावला आणि म्हणाला, "आता तू वाच. मी ऐकतो."

ती अडखळत वाचू लागली. तो डोळे मिटून बसला.

"थांब. मधली एक ओळ गेली."

"आबा, तुम्ही तर बघून पण नाही राहिले. कसं कळलं?"

"तुझी आजी इथं श्वास घ्यायची. तू घेतला नाहीस."

विनतानं बोट मागं नेलं. सुटलेली ओळ सापडली. एवढा एक अध्याय व्हायला तास लागला.

"अच्छा, अजून चार," ती पोथी बांधत म्हणाली. "उद्या मी जल्दी वाचेन."

"नको," तो म्हणाला. "वर्षश्राद्धाला अजून सहा दिवस आहेत."