पडीक शेत मोजणारं चाक

मित्रांनो, मी एक जुनं मोजचाक आहे. लाकडी दांडा, खाली लोखंडी चाक आणि फेरे मोजणारी डबी, एवढाच माझा जीव. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, हार्लो क्रीक काउंटी म्हणजे जिल्ह्याच्या शेतकी कचेरीत मी वीस वर्षं राबलो. आता विमानातून काढलेल्या फोटोवर जमीन मोजतात, म्हणून मला कोपऱ्यात टेकवून ठेवलंय. त्याचं वाईट वाटतं. राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा आहे.

त्या काळी कापूस उदंड होऊन भाव पडले होते. म्हणून सरकार म्हणे, थोडी जमीन पडीक ठेवा, आम्ही अनुदान देतो. पडीक म्हणजे अगदी मोकळी; पीक नको, जनावरही नको. ती जमीन मोजणं हे माझं काम.

मोजणीदार क्लेटनसाहेब काळ्या शेतकऱ्यांच्या बांधावरून मला इंचाइंचानं फिरवायचे. अनुदान वाटणाऱ्या काउंटी समितीचे गोरे अध्यक्ष रॅग्सडेल यांच्या शेतावर मात्र मी कधी गाडीतून खालीसुद्धा उतरलो नाही. साहेब खिडकीतून बघायचे आणि आकडा लिहायचे. मित्रांनो, याला चोरी म्हणतात. सभ्य शब्द शोधत बसू नका.

ल्युवेनिया हार्ड्रिक ही काळी विधवा बाई. तिनं चार एकर पडीक ठेवले. त्या अनुदानातून तिला विहिरीवर पंप बसवायचा होता. साठी उलटली तरी ती दोरानं पाणी शेंदत होती. पण उभ्या जन्मात तिनं मोकळं रान पाहिलं नव्हतं. हात शिवशिवले आणि चर्चच्या जेवणासाठी तिनं कडेला चवळीची एक ओळ टोचली. साहेबांना ती दिसली. सगळं अनुदान रद्द.

बाई रडली नाही. तिनं वर अर्ज केला. राज्याच्या कचेरीतून तपासनीस आला, समिती बसली, मला टेबलाला टेकवून ठेवलं.

"चवळी मी लावली," बाई म्हणाली. "ती ओळ मोजा आणि तेवढंच कापा. मग हेच चाक रॅग्सडेलसाहेबांच्या पडीक रानात फिरवा. गाई हाकायला एखादा माणूस मात्र सोबत न्या."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"ल्युवेनिया, तू तुझ्या शेताचं बोल," रॅग्सडेल म्हणाले.

"माझ्याच शेताचं बोलतेय. त्याला लावलेला नियम कुठल्या कुंपणापर्यंत चालतो, तेवढं सांगा."

तपासनीसानं मला उचललं आणि थेट रॅग्सडेलांच्या रानात उतरवलं. वीस पावलांत माझं चाक शेणानं भरलं. इतकं मानाचं शेण मला आयुष्यात लागलं नाही.

अध्यक्षांचं अनुदान थांबलं. बाईंची चवळीची ओळ भरली एकराच्या विसाव्या हिश्शाएवढी. तेवढी कापून बाकी सगळं मंजूर झालं. त्याच उन्हाळ्यात विहिरीवर पंप बसला. पुढच्या वर्षी समितीच्या निवडणुकीत बाईंच्याच चर्चमधला एक शेतकरी उभा राहिला. पडला, पण मोजून अकरा मतांनी. तो पुन्हा उभा राहणार आहे.

मित्रांनो, मला तेल लावा, गंजू देऊ नका. आणि कधी हातात घेतलंत, तर मालक कोण आहे ते न विचारता मला मातीत उतरवा.