पाचव्या गाण्यातले ड्रम

अभिमन्यूने खिडक्यांचे पडदे ओढले, दोन्ही स्पीकर जरासे आत वळवले आणि सगळ्यांचे फोन गोळा करून एका परातीत ठेवून दिले.

"मध्ये कुणी बोलायचं नाही," तो म्हणाला. "पन्नास मिनिटं. कॉफी नंतर."

बंगळुरात बसवनगुडीतल्या त्याच्या घराच्या वरच्या खोलीत रविवारी दुपारी बारा-तेरा माणसं सतरंजीवर बसली होती. अल्बम त्याचा एकट्याचा, पहिलाच. आठ गाणी आणि आठांची तोंडं आठ दिशांना. एकात नुसती नायलॉनच्या तारांची गिटार, एकात घटम, एक चक्क अंगाई, तर एकात गिटारचे सात थर एकमेकांवर चढवलेले. अभिमन्यूला आयुष्यात कुठलीही एक गोष्ट निवडणं कधी जमलं नव्हतं. आता त्या न जमण्यालाच तो वैविध्य म्हणत होता आणि गंमत म्हणजे ते खरोखर सुंदर झालं होतं. सगळी वाद्यं त्याने स्वतः वाजवली होती. फक्त पाचव्या गाण्यातले ड्रम श्रीरंगचे होते.

श्रीरंग त्यांच्या जुन्या रॉक बँडचा ड्रमर. बँड मोडल्यावर पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर झाला आणि तीन वर्षांपूर्वी तिथेच प्रेस मशीनखाली त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली. डाव्या हातातली काठी तो नेमकी त्याच बोटांवर तोलायचा. त्यानंतर ड्रमवर चादर पडली. ती काढायला लावली रम्याने, त्याच्या बायकोने. रोज सकाळी ती त्याच्या हाताला तेल चोळायची आणि समोर स्टूल ओढून बसायची. "वाजवा. वाईट वाजलं तरी मीच ऐकणार आहे ना?"

फेब्रुवारीत अभिमन्यूने त्याला बोलावलं. दिवसभर रेकॉर्डिंग झालं, रम्या समोर स्टुलावर बसून होती. शेवटी अभिमन्यूने त्याला मिठी मारली होती. "तोच हात, मगा, दोस्ता! काहीसुद्धा बदललेलं नाही."

या एका वाक्यावर श्रीरंगने पाच महिने काढले होते. आज गाणं चांगलं निघालं तर पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमात स्टेजवर बसायचं, असं त्याने ठरवलं होतं. बायकोला तो तसं बोलला नव्हता, पण तिने त्याचा स्टेजवरचा काळा शर्ट इस्त्रीला दिला होता.

पाचवं गाणं सुरू झालं. तेरा मात्रांचं अवघड चक्र. रम्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. पहिली दोन मिनिटं तो नुसता खूश होता. मग गिटार थांबली, ड्रम एकटे उरले आणि मोठ्या ठोक्यांच्या मधून डाव्या हाताचे बारीक, हलके ठोके धावू लागले. श्रीरंगने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. क्षणभर त्याला खरंच वाटलं, त्या दिवशी वाजलं असेल आपल्याकडून. माणसाचं मन इतकं लाचार असतं. पण त्या ठोक्यांमागे एक किरकिर होती, ड्रमखालच्या सैल तारेची. ती किरकिर ज्या जुन्या ड्रमची होती तो त्याने बँड मोडला तेव्हाच विकून टाकला होता.

आठही गाणी संपली तेव्हा टाळ्या झाल्या. नरसिंह नावाचे एक वयस्कर गृहस्थ सरळ श्रीरंगकडे आले आणि त्यांनी त्याचा डावा हात दोन्ही हातांत घेतला.

"या हाताने हे वाजवलं? नंबायलाच होत नाही हो, विश्वासच बसत नाही!"

"डॉक्टर म्हणाले होते, चमचा धरता आला तरी पुष्कळ," रम्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ते ती लपवतही नव्हती.

अभिमन्यू कॉफी गाळायला खाली गेला, त्याच्या मागोमाग श्रीरंग गेला.

"ते मी वाजवलेलं नाही."

"तूच आहेस रे." अभिमन्यूने पेले मांडता मांडता सांगितलं. "आपल्या दोन हजार चारच्या प्रॅक्टिसच्या टेप होत्या ना? त्यातून एकेक ठोका कापला आणि जागेवर बसवला. दोन महिने लागले, मगा. दुसरा कुणी असता तर मशीनचे ड्रम टाकून मोकळा झाला असता."

"आणि फेब्रुवारीतलं?"

"नाही जमलं ते." त्याने फिल्टरचं झाकण लावलं. "शेवटची झांज ठेवलीय. ती छान आहे."

त्याच्या चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नव्हता. आपण मित्रावर उपकार केला आहे असंच त्याला मनापासून वाटत होतं, आणि श्रीरंगला त्याचाच जास्त राग आला.

"त्या दिवशीच का नाही बोललास?"

"वहिनी समोर बसल्या होत्या. कसं बोलणार?" त्याने ट्रे उचलला. "आत्ता तरी काय सांगशील त्यांना?"

वर सगळ्यांना कॉफी मिळाल्यावर नरसिंहांनी विचारायचं तेच विचारलं. "मग कार्यक्रमात श्रीरंगच ना?"

अभिमन्यूने श्रीरंगकडे पाहिलं. मग हसून म्हणाला, "जागा त्याचीच आहे. तो म्हणेल तर."

सगळे श्रीरंगकडे बघू लागले.

"नको," श्रीरंग म्हणाला. "मला स्टेज वगैरे आता नको वाटतं."

"असं काय करतोस?" अभिमन्यूचा आवाज प्रेमळ झाला. "वहिनी, तुम्ही तरी सांगा याला."

"सरी, बरं अण्णा, मी बघते," रम्या कशीबशी म्हणाली. एक बाई दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. 'भाव खातोय' इतकं श्रीरंगला ऐकू आलं.

घरी जाताना ऑटोत रम्या बाहेर बघत बसली होती. त्याने दोनदा सांगायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्याला ती स्टुलावर बसलेली दिसली. मग ती बाहेर बघतच बोलली.

"मी सगळं सोसलं. तुमची चिडचिड, तुमचं जेवण टाकून उठणं. हात खरंच गेला असता ना, तर जन्मभर एका शब्दाने बोलले नसते. पण इतकं येतं आणि नाही म्हणता. याला काय म्हणायचं?"

श्रीरंगने ऑटोवाल्याला पुढून डावीकडे घ्यायला सांगितलं.

"घमेंड म्हण," तो म्हणाला.

रम्याने त्याच्या मांडीवर ठेवलेली आपली पर्स उचलून स्वतःच्या दुसऱ्या बाजूला ठेवली.